एक कोठार, चार दारें

व्यवहार हा शब्द प्रत्येकाच्या तोंडीं रोज असतो. देणें आणि घेणें या दोन क्रिया मिळून एक व्यवहार होतो. त्यांपैकीं एकच घडली आणि दुसरी राहून गेली, तर त्या प्रकाराला कोणी व्यवहार म्हणत नाहीं. त्याला तंटा म्हणतात. जुन्या पेढीवरचा मुनीम हें तत्त्व पक्केपणीं जाणून होता. रक्कम आली किंवा गेली कीं ती प्रथम रोजकीर्दींत लिहावयाची, आणि मग सवडीनें ज्याच्या त्याच्या नांवाखालीं खतावणींत उतरावयाची, असा त्याचा क्रम असे. खतावणी लिहितां लिहितां दिवा विझला, तरी रोजकीर्द शाबूत असली म्हणजे सारीं खातीं पुन्हां उभीं करतां येत. रोजकीर्दींतलीच नोंद अर्धवट राहिली असली, तर ती नोंद धरावयाची नाहीं, एवढें पथ्य त्यानें पाळावयाचें असे.

आज पेढ्यांचे, आगगाडीच्या तिकिटांचे, इस्पितळांचे आणि विजेच्या बिलांचे हिशेब संगणकावरील डेटाबेसांत असतात. डेटाबेस म्हणजे माहितीचें कोठार. कागद गेला, शाई गेली, पण मुनिमाचें तत्त्व मात्र गेलें नाहीं. जिम ग्रे या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९८१ सालीं एका निबंधांत व्यवहाराच्या या कल्पनेचें सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा विशद केल्या. पुढें १९८३ सालीं थिओ हेर्डर व आंद्रेआस रॉयटर या विद्वानांनीं व्यवहाराचे चार गुण एकत्र सांगितले: अखंडता, सुसंगति, अलिप्तता आणि चिरस्थायित्व. अखंडता म्हणजे सर्व होईल किंवा कांहींच होणार नाहीं. अलिप्तता म्हणजे एकाचा अपुरा व्यवहार दुसऱ्याच्या दृष्टीस पडणार नाहीं. आणि चिरस्थायित्व म्हणजे एकदां ‘कायम झालें’ असें उत्तर मिळालें कीं पुढें वीज गेली तरी तें पुसलें जाणार नाहीं. या कामगिरीबद्दल ग्रे यांस १९९८ चें ट्यूरिंग पारितोषिक मिळालें.

इतकी भक्कम व्यवस्था असतां चूक होतेच कशी, असा प्रश्न साहजिक आहे. ज्या घरांतील मुलगा किंवा सून संगणकाच्या कचेरींत कामाला आहे, त्या घरांना मध्यरात्रीं वाजणाऱ्या दूरध्वनीची संवय झालेली असते. ‘नोंद केली होती, ती दिसत नाहीं’, ‘सगळें थांबलें आहे’, ‘पैसे वजा झाले, जमा झाले नाहींत’, अशा त्या तक्रारी असतात. अशा वेळीं दोष बहुधा कोठारांत नसतो. तो असतो दारांत. तो कसा ओळखावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

उदाहरणासाठीं एका मध्यम आकाराच्या पतपेढीची कल्पना करावी. तिचा डेटाबेस पोस्टग्रेस या जातीचा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठांत, बर्कली येथें, मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखालीं १९८६ सालीं या डेटाबेसाचें काम सुरू झालें. १९९६ पासून त्याचें पूर्ण नांव पोस्टग्रेस-क्यू-एल असें आहे, आणि तो कोणासहि विनामूल्य वापरतां येतो. मुनिमाप्रमाणेंच तोहि प्रत्येक फेरफार आधीं आपल्या रोजकीर्दींत लिहितो आणि मागाहून मूळ पानांवर उतरवितो. त्याच्याशीं बोलण्याचे मुख्य शब्द तीन आहेत. ‘बिगिन’ म्हणजे व्यवहाराला आरंभ, ‘कमिट’ म्हणजे झालें तें कायम, आणि ‘रोलबॅक’ म्हणजे झालें तें रद्द. एक ठेवीदार बाई परगांवीं शिकणाऱ्या मुलीच्या खात्यावर ५,००० रुपये पाठवितात, तेव्हां ‘बिगिन’, मग आईच्या खात्यांतून वजा, मग मुलीच्या खात्यांत जमा, आणि शेवटीं ‘कमिट’, असा चार पायऱ्यांचा क्रम पुरा व्हावा लागतो.

या कोठाराला चार दारें आहेत. खिडकीवरील कारकुनाचा प्रोग्रॅम जावा भाषेंत लिहिलेला असून तो जेडीबीसी या दारानें येतो. हें दार १९९७ सालीं प्रचारांत आलें. हिशेबनीस आपल्या आंकडेमोडीच्या तक्त्यांतून ओडीबीसी या दारानें येतात. मायक्रोसॉफ्टनें तें १९९२ सालीं आणलें. अहवाल तयार करणारा प्रोग्रॅम पायथन भाषेंत आहे. त्या भाषेनें डेटाबेसाशीं कसें बोलावें याचा संकेत १९९९ सालीं लिहिला गेला, आणि पोस्टग्रेससाठीं ‘सायकोपीजी’ नांवाचें साधन तो संकेत पाळतें. चौथें दार तंत्रज्ञाचें. तो ‘पीएसक्यूएल’ या साध्या खिडकींतून हातानें आज्ञा लिहितो.

प्रत्येक दारावर एक दुभाषी बसलेला आहे. आंत येणाऱ्याचें म्हणणें कोठाराच्या भाषेंत सांगणें हें त्याचें काम. दुभाषी प्रामाणिक आहे. परंतु तो आपल्या पदरचे शब्द घालतो, आणि कोणते शब्द कधीं घालावयाचे याविषयींचा प्रत्येकाचा शिरस्ता वेगळा आहे. पुढील सर्व गुंतागुंतीचें मूळ येथें आहे.

पोस्टग्रेसचा स्वतःचा नियम सोपा आहे. ‘बिगिन’ म्हटल्याशिवाय एखादी आज्ञा आली, तर ती एकटी आज्ञा हाच एक पूर्ण व्यवहार, असें तो मानतो आणि ती सफल होतांच कायम करतो. ‘बिगिन’ म्हटलें असेल, तर ‘कमिट’ येईपर्यंत थांबतो. जेडीबीसी व ओडीबीसी यांचे दुभाषी, दुसरें कांहीं सांगितलें नाहीं तर, हाच नियम चालूं ठेवतात. त्याला ऑटोकमिट, म्हणजे आपोआप कायम करण्याची रीत, म्हणतात. पायथनच्या संकेतांत नेमकें उलट लिहिलें आहे. तेथें ऑटोकमिट आरंभीं बंद असतें. पहिली आज्ञा येतांच दुभाषी तिच्यापुढें आपण होऊन ‘बिगिन’ म्हणतो, आणि ‘कमिट’ म्हणण्याची जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणारावर राहते. गंमत अशी कीं, ‘पायओडीबीसी’ नांवाचें पायथनचें साधन ओडीबीसीच्याच मार्गानें जातें, तरी ऑटोकमिट बंद ठेवतें. म्हणजे मार्ग ओडीबीसीचा आणि शिरस्ता पायथनचा.

हा गोंधळ टाळावा म्हणून पोस्टग्रेसच्या कर्त्यांनीं एकदां ऑटोकमिटची कळ कोठारांतच बसवून पाहिली होती. २००२ सालच्या ७.३ या आवृत्तींत ती आली. परंतु निरनिराळ्या भाषा व प्रोग्रॅम आपापल्या रीतीनें चालत असल्यामुळें ती अधिकच अडचणीची ठरली, आणि २००३ सालच्या ७.४ या आवृत्तींत ती काढून टाकण्यांत आली. तेव्हांपासून हा निर्णय दाराकडे राहिला आहे. आज्ञा तीच, कोठार तेंच. पण व्यवहार कोठें सुरू झाला व कोठें संपला, हें दार ठरवितें. एवढें एक वाक्य ध्यानांत राहिलें तर अर्ध्या तक्रारींचा उलगडा आपोआप होतो.

पहिली तक्रार ‘नोंद केली, पण ती दिसत नाहीं’ ही घ्यावी. तंत्रज्ञानें एक दुरुस्ती पीएसक्यूएलच्या खिडकींत लिहून पाहिली. ती ठीक झाली. तीच ओळ त्यानें पायथनच्या प्रोग्रॅमांत घातली. प्रोग्रॅम तक्रार न करतां संपला, आणि दुरुस्ती मात्र कोठेंच नाहीं. ओळींत कांहींहि चूक नव्हती. ‘कमिट’ म्हटलें नव्हतें, म्हणून जोडणी बंद होतांच संकेताप्रमाणें सारें रद्द झालें. याची उलट बाजू अधिक धोक्याची आहे. हिशेबनीस ओडीबीसीच्या दारानें एका खात्यांतून रक्कम वजा करतात आणि दुसऱ्या खात्याचा क्रमांक चुकीचा लिहितात. दुसरी आज्ञा नाकारली जाते. पण ऑटोकमिट चालू असल्यामुळें पहिली आधींच कायम झालेली असते. पहिल्या प्रकारांत काम वाया जातें, आणि तें लगेच कळतें. दुसऱ्या प्रकारांत हिशेब बिघडतो, आणि तें कधीं कधीं वर्षअखेरच्या ताळेबंदापर्यंत कळत नाहीं.

दार बंद करतांना काय होतें, याविषयींहि सर्वत्र एकमत नाहीं. जेडीबीसीनें ही गोष्ट ज्याच्या त्याच्या दुभाष्यावर सोडली आहे. ऑरेकल या डेटाबेसाच्या जेडीबीसी दारांत ऑटोकमिट बंद असतां ‘कमिट’ न म्हणतां जोडणी मिटली, तर अपुरें काम रद्द न होतां कायम होतें. पायथनच्या संवयीनें जो मनुष्य ‘जोडणी मिटली कीं सारें रद्द’ असें गृहीत धरून तेथें जाईल, त्याची फसगत ठरलेली. म्हणून मिटण्यापूर्वीं ‘कमिट’ किंवा ‘रोलबॅक’ यांपैकीं एक शब्द स्पष्ट उच्चारावा, हा नियम सर्व दारांना सारखाच लागू आहे.

दुसरी तक्रार ‘सगळें थांबलें’ ही आहे, आणि तिचा तपास अधिक सूक्ष्म असतो. समजा, सकाळीं अकरा वाजतां पायथनच्या अहवाल-प्रोग्रॅमानें सभासदांचा तक्ता वाचला. नुसता वाचला, कोठें एक अक्षर बदललें नाहीं. वाचून झाल्यावर तो छपाईच्या यंत्राची वाट पाहत बसला. परंतु दुभाष्यानें वाचण्यापूर्वींहि ‘बिगिन’ म्हटलेलें होतें, आणि तो व्यवहार अजून उघडा आहे. उघड्या व्यवहाराच्या नांवावर त्या तक्त्याचें एक सौम्य कुलूप शिल्लक असतें. तें इतर वाचकांना अडवीत नाहीं, लिहिणारांनाहि अडवीत नाहीं. तक्त्याची रचना कोणीं बदलूं नये एवढेंच तें पाहतें. बारा वाजतां तंत्रज्ञ तक्त्यांत एक नवा रकाना घालण्यासाठीं ‘आल्टर टेबल’ ही आज्ञा देतो. तिला सर्वांत कडक कुलूप हवें असतें. तें मिळेना म्हणून ती रांगेंत उभी राहते. आणि रांगेचा नियम असा कीं, कडक कुलुपाची मागणी पुढें उभी असतां मागून येणाऱ्या साध्या वाचकांनाहि तिच्या पाठीमागें थांबावें लागतें. पाहतां पाहतां खिडकीवरचें काम ठप्प होतें आणि बाहेर लोकांची रांग वाढत जाते.

आतां दोष कोणाचा? कारकून म्हणतो, माझा प्रोग्रॅम बिघडला. हिशेबनीस म्हणतात, तंत्रज्ञानें कांहीं तरी केलें. तंत्रज्ञानें आपली आज्ञा मागें घेतली तर रांग तत्काळ वाहूं लागते, आणि मग दोष त्याचाच होता असें सर्वांना वाटतें. पण दुसऱ्या दिवशीं त्यानें तीच आज्ञा दिली तर तोच प्रकार घडेल. कारण खरा अडथळा कोणाच्याहि ध्यानींमनीं नसलेला, निमूटपणें बसलेला, नुसता वाचणारा प्रोग्रॅम हा आहे.

अशा वेळीं तर्क करीत न बसतां कोठारालाच विचारावें. पोस्टग्रेसमध्यें ‘पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी’ नांवाचा एक तक्ता सदैव पाहावयास मिळतो. त्यांत प्रत्येक जोडणीची एक ओळ असते: कोणत्या प्रोग्रॅमाची, केव्हां उघडली, तिचा व्यवहार कधीं सुरू झाला आणि ती सध्यां काय करीत आहे. ज्या ओळींत ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’, म्हणजे ‘व्यवहार उघडा ठेवून स्वस्थ’, असे शब्द असतील आणि व्यवहाराची वेळ बरीच जुनी असेल, तेथें प्रथम बोट ठेवावें. २०१६ सालच्या ९.६ या आवृत्तीपासून ‘पीजी-ब्लॉकिंग-पिड्स’ हें साधनहि मिळालें आहे. अमुक जोडणी कोणामुळें थांबली आहे, त्यांचे क्रमांक तें सांगतें. त्या क्रमांकांचा माग एकामागून एक काढीत गेलें, म्हणजे रांगेचें मूळ सांपडतें. मात्र एक सावधगिरी हवी. स्वस्थ बसलेल्या जोडणीच्या ओळींत जी आज्ञा दिसते ती तिची शेवटची आज्ञा असते. अडथळा करणारें कुलूप तिनें त्याआधींच्या एखाद्या आज्ञेनेंहि घेतलेलें असूं शकतें. म्हणून दिसणाऱ्या आज्ञेला एकदम गुन्हेगार ठरवूं नये.

व्यवहार उघडा आहे कीं नाहीं, हें आपल्या जोडणीपुरतें ताडण्याची एक सोपी युक्तीहि आहे. पोस्टग्रेसला ‘नाऊ’ असें विचारलें तर तो घड्याळांतली वेळ सांगत नाहीं. चालू व्यवहार सुरू झाला ती वेळ सांगतो. तोच प्रश्न थोड्या अंतरानें दोनदां विचारावा. दोन्ही वेळां एकच उत्तर आलें, तर दोन्ही प्रश्न एकाच व्यवहारांत पडले असें निश्चित समजावें. उत्तर पुढें सरकलें, तर मधल्या काळांत व्यवहार मिटला आहे. आपल्या दाराचा दुभाषी ‘बिगिन’ म्हणतो कीं नाहीं, हें पुस्तक न उघडतां कळण्याचा हा मार्ग कोणत्याहि दारावर चालतो.

रोगावर उपायहि आहेत. वाचून झाल्यावरसुद्धां व्यवहार मिटवावा, हा पहिला. उघडा व्यवहार ठराविक काळापलीकडे स्वस्थ राहिला तर ती जोडणी कोठारानेंच तोडावी, अशी सोय २०१६ च्याच आवृत्तींत झाली; ती वापरावी, हा दुसरा. आणि रचना बदलणाऱ्या तंत्रज्ञानें ‘इतके सेकंद कुलूप मिळालें नाहीं तर मी परत जाईन’ अशी मुदत आधीं घालून घ्यावी, हा तिसरा. ही मुदतीची सोय २०१३ पासून उपलब्ध आहे. तिच्यामुळें तंत्रज्ञाचें काम क्वचित् लांबणीवर पडेल. पण खिडकीवरच्या रांगेला त्याचा उपसर्ग पोहोंचणार नाहीं.

तिसऱ्या प्रकारची तक्रार पोस्टग्रेसच्या करड्या शिस्तीमुळें होते. व्यवहाराच्या मध्यें एक आज्ञा चुकली, कीं तो पुढची कोणतीहि आज्ञा ऐकत नाहीं. व्यवहार बाद झाला असून तो मिटेपर्यंत आज्ञा दुर्लक्षिल्या जातील, असें तो प्रत्येक वेळीं बजावतो. पुष्कळ लोक या शेवटच्या सूचनांचा अर्थ लावण्यांत वेळ घालवितात. वस्तुतः त्या सर्व परिणाम आहेत. कारण त्यांच्या आधींची पहिली चूक. नोंदवही उलटी चाळीत त्या पहिल्या चुकेपर्यंत गेल्याशिवाय तपास पुरा होत नाहीं. याहून फसवी गोष्ट अशी कीं, बाद झालेल्या व्यवहारावर ‘कमिट’ म्हटलें तर कोठार चूक दाखवीत नाहीं. नम्रपणें ‘रोलबॅक’ असें उत्तर देतें. ज्यानें उत्तर वाचलें नाहीं, त्याला काम कायम झालें असें वाटतें, आणि कायम तर कांहींच झालेलें नसतें.

येथेंहि प्रत्येक दाराची तऱ्हा निराळी. पीएसक्यूएलच्या खिडकींत व्यवहार उघडा असतां ओळीच्या आरंभीं तारका उमटते, आणि तो बाद झाला कीं तारकेच्या जागीं उद्गारचिन्ह येतें. हातानें काम करणारानें तेथें लक्ष ठेवावें. प्रत्येक आज्ञेपूर्वीं एक खूण ठेवावयाची आणि ती आज्ञा चुकली तर त्या खुणेपुरतेंच मागें यावयाचें, अशी सोय पीएसक्यूएल, जेडीबीसी व ओडीबीसी या तिन्ही दारांत निरनिराळ्या नांवांनीं आहे. जेडीबीसीच्या दुभाष्यांत ती मुळांत बंद असते. म्हणून एकच काम एका दारानें पुरें होतें आणि दुसऱ्या दारानें पहिल्याच ठेंचेबरोबर बंद पडतें, असा देखावा दिसला तर आज्ञा तपासण्याआधीं ही सोय कोठें चालू आहे व कोठें बंद आहे तें पाहावें.

चौथा प्रकार म्हणजे स्वतःच स्वतःच्या वाटेंत उभें राहणें. एखादा प्रोग्रॅम दोन जोडण्या उघडतो. पहिलीवर एका खात्यांत फेरफार करतो, ती उघडीच ठेवतो, आणि दुसरीवर त्याच खात्यांत फेरफार करूं पाहतो. कोठाराच्या दृष्टीनें हीं दोन वेगळीं माणसें. दुसरें माणूस पहिल्याची वाट पाहतें. पहिलें स्वस्थ आहे. दोन जोडण्या एकमेकींसाठीं अडून बसल्या, तर पोस्टग्रेस साधारणतः एका सेकंदानें तें ताडतो आणि त्यांपैकीं एकीला माघार घ्यावयास लावतो. पण या प्रसंगीं अडवणुकीचें अर्धें वर्तुळ कोठाराच्या बाहेर, प्रोग्रॅमच्या पोटांत असतें. तें कोठाराला दिसत नाहीं. अशी प्रतीक्षा मग मुदत घातली नसेल तर अनंत काळ चालते. याच जातीचा दुसरा घोळ जोडण्यांच्या सामायिक साठ्यांत होतो. जोडणी उघडण्यास वेळ लागतो, म्हणून प्रोग्रॅम कांहीं जोडण्या तयार ठेवून त्या आळीपाळीनें वापरतात. एकानें व्यवहार न मिटवितां जोडणी साठ्यांत परत टाकली, आणि साठ्याच्या रखवालदारानें ती झाडून घेतली नाहीं, तर पुढच्या माणसाच्या हातीं आधीच्याचें उष्टें ताट येतें. आणि त्यानें ‘कमिट’ म्हटलें, तर आधीच्याचा अपुरा व्यवहारहि कायम होतो.

चुकेचा नुसता अंक पाहून उपाय करणें हीहि एक फसवी वाट आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्यें १२०५ या अंकाचा अर्थ असा कीं, परस्पर अडवणूक झाली, तुमचा बळी दिला, आणि तुमचा सारा व्यवहार रद्द झाला. मायएसक्यूएलमध्यें त्याच १२०५ चा अर्थ ‘कुलुपाची वाट पाहण्याची मुदत संपली’ असा आहे. ही मुदत मुळांत ५० सेकंदांची असते, आणि ती संपली म्हणजे एरवीं शेवटची आज्ञा तेवढी रद्द होते, आधीचा व्यवहार उघडाच राहतो. पहिल्या ठिकाणीं सारें काम आरंभापासून पुन्हां करावयाचें. दुसऱ्या ठिकाणीं आधीं ‘रोलबॅक’ म्हटल्याशिवाय पुन्हां आरंभ केला, तर पहिला अर्धा भाग दोनदां होण्याचा संभव. अंक एकच, पण एका गांवचें नाणें दुसऱ्या गांवीं चालत नाहीं.

तेव्हां तपासाचा क्रम कसा असावा? प्रथम, हें काम कोणत्या दारानें आलें तें विचारावें. दुसरें, त्या दाराचा दुभाषी ऑटोकमिट चालू ठेवतो कीं बंद. तिसरें, ‘बिगिन’ कोणीं म्हटलें आणि ‘कमिट’ कोणीं म्हणावयाचें होतें. चौथें, एकच जोडणी आहे कीं दोन. पांचवें, पहिली चूक कोणती. या प्रश्नांचीं उत्तरें प्रोग्रॅमच्या लेखकाच्या आठवणींतून घेऊं नयेत. तो आपण लिहिलेलें सांगेल, दुभाष्यानें घातलेलें त्याला ठाऊक नसेल. थोडा वेळ कोठाराच्या नोंदवहींत प्रत्येक आज्ञा लिहून घ्यावी, प्रत्येक ओळीपुढें जोडणीचा क्रमांक व प्रोग्रॅमचें नांव येईल अशी व्यवस्था करावी, आणि मग ती वही सावकाश वाचावी. दुभाष्यानें पदरचा घातलेला ‘बिगिन’ तेथें स्पष्ट दिसतो. न आलेला ‘कमिट’ न दिसून तितकाच स्पष्ट दिसतो.

एक प्रसंग मात्र असा आहे कीं, तेथें हा सारा क्रम अपुरा पडतो. प्रोग्रॅमनें ‘कमिट’ हा शब्द पाठविला आणि उत्तर येण्यापूर्वीं तार तुटली. कोठारानें तो ऐकला कीं नाहीं? ऐकला असेल तर पैसे गेले. नसेल तर गेले नाहींत. पुन्हां पाठवावे तर दोनदां जातील, न पाठवावे तर कदाचित् एकदांहि जाणार नाहींत. यावर कोणत्याहि दाराचा दुभाषी उत्तर देऊं शकत नाहीं. उपाय एकच: प्रत्येक व्यवहाराला आरंभींच एक न बदलणारा क्रमांक द्यावा, तो व्यवहाराबरोबरच कोठारांत लिहावा, आणि शंका आली तर प्रथम त्या क्रमांकाची चौकशी करावी. पोस्टग्रेसनें २०१७ सालच्या दहाव्या आवृत्तींत, नुकत्याच झालेल्या एखाद्या व्यवहाराचें शेवटीं काय झालें तें विचारण्याची सोयहि करून दिली.

ही अडचण कचेरीच्या भिंतींत राहत नाहीं. ती घरोघर येते. पैसे देणाऱ्या यंत्रासमोर उभें असतां खात्यांतून रक्कम वजा होते आणि नोटा बाहेर येत नाहींत, हा अनुभव कित्येकांस आला असेल. तेथें दोन कोठारें असतात, मध्यें लांब तारा असतात, आणि कोठें तरी ‘कमिट’ व त्याचें उत्तर यांची चुकामूक झालेली असते. भारतीय रिझर्व्ह बँकेनें २० सप्टेंबर २०१९ रोजीं काढलेल्या परिपत्रकांत अशी रक्कम ग्राहकाच्या खात्यांत पांच दिवसांच्या आंत परत जमा करावी, आणि त्यापुढें विलंब झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई द्यावी, असें ठरवून दिलें. यंत्राच्या शास्त्राला जो प्रश्न त्या क्षणीं सोडवितां येत नाहीं, तो मागाहून दोन वह्यांचा मेळ घालून सोडवावा लागतो. तो मेळ घालतां येतो, याचें श्रेय प्रत्येक व्यवहाराला क्रमांक देणाऱ्या शिस्तीला आहे. अशा प्रसंगीं ग्राहकानेंहि तो क्रमांक जपून ठेवावा. तक्रारीचें बळ त्यांतच आहे.

संगणकाचे प्रोग्रॅम बदलतील, आजचीं दारें जाऊन नवीं येतील, आणि नव्या दारावर नवा दुभाषी बसेल. त्याच्याहि पदरचे कांहीं शब्द असतीलच. म्हणून ज्याच्या हातीं दुसऱ्याचा पैसा, औषध किंवा तिकीट आहे, त्यानें व्यवहाराचा आरंभ आणि शेवट दुभाष्याच्या मर्जीवर सोडूं नये. ते दोन शब्द स्वतः उच्चारावे आणि मिळालेलें उत्तर नीट वाचावें. मुनीम दिवसाचा हिशेब पुरा झाला कीं बेरजेखालीं एक आडवी रेघ ओढीत असे. त्या रेघेच्या वरचें सर्व पक्कें आणि खालचें उद्याचें, हें ती वही उघडणाऱ्या कोणासहि कळे. चांगल्या प्रोग्रॅमांतहि ती रेघ जागच्या जागीं आणि कोणासहि दिसेल अशी असली पाहिजे.